बिअरला एकवीस, रायफलीला अठरा: अमेरिकेतली वयाची अट नेमकं कोणाला अडवते?

टेक्सस राज्यातल्या युवाल्डी गावात १६ मे २०२२ रोजी एक मुलगा अठरा वर्षांचा झाला. दुसऱ्याच दिवशी, १७ मेला, त्याने एक अर्ध-स्वयंचलित रायफल घेतली. १८ला ३७५ काडतुसं घेतली आणि २०ला दुसरी रायफल. २४ मे रोजी तो रॉब प्राथमिक शाळेत शिरला. १९ मुलं आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. त्याची रायफल खरेदी पूर्णपणे कायदेशीर होती.

त्याच मुलाला त्या आठवड्यात बिअरची बाटली मिळाली नसती. सिगारेटचं पाकीटही नाही, कारण २०१९च्या डिसेंबरपासून तिथे तंबाखूलाही एकवीस वर्षांची अट आहे. आणि गंमत म्हणावी की काय, परवानाधारक दुकानातून साधं पिस्तूलसुद्धा मिळालं नसतं.

हे कोडं सोडवायचं तर १९६८ साली जावं लागतं. जॉन केनेडी, मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्यांनंतर अमेरिकी काँग्रेसने बंदूक नियंत्रण कायदा केला. परवानाधारक विक्रेत्याने एकवीस वर्षांखालच्या माणसाला पिस्तूल विकायचं नाही आणि अठरा वर्षांखालच्याला रायफल किंवा शॉटगन विकायची नाही, अशी विभागणी त्यात झाली. त्या काळच्या नजरेने पाहिलं तर ती अगदी तर्कशुद्ध होती. पिस्तूल खिशात लपतं, ते शहरातल्या गुन्ह्यांचं हत्यार. लांब नळीची बंदूक शेतावरची, हरणाच्या शिकारीची, बापाने पोराला वाढदिवसाला द्यायची. एआर-१५ ही अर्ध-स्वयंचलित रायफल तेव्हा बाजारात येऊन काही वर्षं झाली होती, पण घरोघरी पोहोचलेली नव्हती. कायद्याने हत्याराचा धोका नळीच्या लांबीवरून ठरवला, आणि ते माप आजही तेच आहे.

त्यामुळे एक विचित्र गोष्ट घडते. रायफलीचा जो मुख्य सांगाडा असतो, ज्यावर अनुक्रमांक कोरलेला असतो आणि ज्यालाच कायदा बंदूक मानतो, तो नुसता सुटा विकत घ्यायचा तर वय एकवीस लागतं. कारण सुटा सांगाडा अजून 'रायफल' झालेला नसतो. त्यावर नळी आणि दस्ता चढवून पूर्ण रायफल म्हणून विकला, की अठरा पुरतात.

अर्ध-स्वयंचलित म्हणजे काय, हे नीट कळलं नाही तर पुढचा वाद समजत नाही. चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. मात्र त्या गोळीच्याच वायूच्या दाबाने किंवा धक्क्याने रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं आणि मॅगझीनमधलं, म्हणजे बंदुकीला लावलेल्या काडतुसांच्या पेटीतलं, पुढचं काडतूस आपोआप नळीत बसतं. हाताने काही ओढावं-ढकलावं लागत नाही, पुन्हा चाप ओढला की पुढची गोळी. चाप दाबून धरला की गोळ्यांची सर सुटते ती पूर्ण स्वयंचलित बंदूक, आणि ती अमेरिकेत १९३४पासून कडक नियंत्रणाखाली आहे. दुसऱ्या टोकाला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने कांस्यपदक जिंकलं ती ५० मीटर प्रकारातली रायफल: एका वेळी एक गोळी, दर वेळी हाताने भरलेली. या दोन टोकांच्या मधली ती अर्ध-स्वयंचलित.

(एआर म्हणजे 'असॉल्ट रायफल' नव्हे. आर्मालाइट या मूळ कंपनीच्या नावावरून ती अक्षरं आली आहेत. वादात ही चूक झाली की समोरचा बंदूकप्रेमी पुढचं ऐकायचं सोडून देतो, म्हणून लक्षात ठेवलेली बरी.)

धोका तीन गोष्टींच्या बेरजेत असतो. एक, न थांबता गोळ्या झाडता येणं. दोन, बदलता येणारं मॅगझीन, जे एआर-१५मध्ये साधारणपणे ३० गोळ्यांचं असतं. तीन, गोळीचा वेग. पिस्तुलाची ९ मिलिमीटरची गोळी सेकंदाला साधारण साडेतीनशे ते चारशे मीटर जाते, तर या रायफलीची छोटी गोळी नऊशे मीटरच्या आसपास. इतक्या वेगाने शिरलेली गोळी सरळ भोक पाडून जात नाही, आजूबाजूचं मांसही फाडते. म्हणून या जखमांवर शस्त्रक्रिया करायलाही अनेकदा काही उरत नाही.

आता दुकानाच्या काउंटरवर काय घडतं ते पाहू. गिऱ्हाईक सरकारी ओळखपत्र दाखवतं आणि ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरतं. ही बंदूक तुम्ही स्वतःसाठीच घेताय ना, एक वर्षाहून जास्त शिक्षा होऊ शकेल अशा गुन्ह्यात दोषी ठरला आहात का, बेकायदा अमली पदार्थ घेता का, न्यायालयाने मानसिकदृष्ट्या असमर्थ ठरवलं आहे का, घरगुती हिंसेची शिक्षा झाली आहे का, असे प्रश्न त्यात असतात. मग विक्रेता एफबीआयच्या किंवा राज्याच्या यंत्रणेकडे नाव पाठवतो. ही यंत्रणा नोव्हेंबर १९९८पासून चालू आहे. उत्तर तीनपैकी एक येतं: द्या, थांबा, देऊ नका. बहुतेकांना काही मिनिटांत 'द्या' मिळतं.

'थांबा' आलं तर कामकाजाचे तीन दिवस. तेवढ्यात यंत्रणेने काहीच कळवलं नाही, तर विक्रेता बंदूक देऊ शकतो. चार्ल्सटनच्या चर्चमध्ये २०१५ साली नऊ जणांना मारणाऱ्याला पिस्तूल मिळालं ते याच फटीतून. नोंदींच्या घोळात तीन दिवस उलटून गेले होते.

दुसरी अडचण अशी की यंत्रणा फक्त नोंदी तपासते, माणूस तपासत नाही. नुकत्याच अठरा वर्षांच्या झालेल्या मुलाच्या नावावर नोंदी असणार तरी कुठून? शाळेतली भांडणं, धमक्या, मांजरं मारणं, इंटरनेटवर लिहिलेलं काहीबाही, यातलं काहीच त्या संगणकात नसतं. बालगुन्हेगारीच्या फायली बहुधा बंदिस्त असतात. म्हणजे ज्या वयात धोक्याची चिन्हं घरात, वर्गात, मोबाइलवर दिसतात, त्याच वयात सरकारी पाटी कोरी असते. वयाची अट वाढवण्याच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा माझ्या मते हाच आहे. 'एकविसाव्या वर्षी मेंदू पिकतो' हा लोकप्रिय युक्तिवाद त्यामानाने लेचापेचा आहे, कारण मेंदू त्यानंतरही बदलत असतो आणि एकवीस हा आकडा काही शरीरशास्त्राने ठरवलेला नाही.

युवाल्डीनंतर साधारण महिन्याभरात, २५ जून २०२२ रोजी मंजूर झालेल्या केंद्रीय कायद्याने नेमका या कोऱ्या पाटीवर उपाय केला. प्रतिनिधिगृहाने अट थेट एकवीसवर नेणारं विधेयक २२३ विरुद्ध २०४ मतांनी संमत केलं होतं, पण सिनेटमध्ये ते पुढे सरकलं नाही. त्याऐवजी तडजोड झाली ती अशी: गिऱ्हाईक एकवीसखालचं असेल, तर यंत्रणेने नेहमीच्या नोंदींखेरीज आणखी तीन ठिकाणी विचारायचं. राज्याचं बालगुन्हे नोंद कार्यालय, मानसिक आरोग्यासंबंधी न्यायालयीन आदेश सांभाळणारं कार्यालय आणि गिऱ्हाईक राहतं तिथलं पोलीस ठाणं. काही संशयास्पद सापडलं तर तीनऐवजी कामकाजाचे दहा दिवस मिळतात. कागदावर हे चांगलं दिसतं. प्रत्यक्षात खालून उत्तर आलं तरच त्याला अर्थ. काही राज्यांचे गोपनीयतेचे कायदे अल्पवयीनांच्या नोंदी बाहेर द्यायला आडकाठी करतात, आणि चार माणसांच्या पोलीस ठाण्यात अशा चौकशीला उत्तर द्यायला वेगळा कारकून नसतो.

वयाची अट कोणाला अडवते ते पाहायचं असेल तर प्रसिद्ध घटना एकेक करून तिच्याखाली धरून बघाव्यात. हल्लेखोरांची नावं इथे मुद्दाम दिलेली नाहीत, त्यातल्या काहींना नाव व्हावं हीच इच्छा होती.

पार्कलंड, फ्लोरिडा, १४ फेब्रुवारी २०१८, १७ मृत. हल्लेखोर १९ वर्षांचा, रायफल वर्षभरापूर्वी दुकानातून कायदेशीर घेतलेली. एकवीसची अट असती तर काउंटरवरच अडला असता. बफलो, न्यूयॉर्क, १४ मे २०२२, एका किराणा दुकानात १० मृत. हल्लेखोर १८ वर्षांचा, दुकानातून घेतलेली रायफल. हाही अडला असता. युवाल्डीचा तर आदर्श नमुनाच. आधी त्याने बहिणीला बंदूक घेऊन दे म्हणून विचारलं होतं, तिने नकार दिला. मग तो वाढदिवसापर्यंत थांबला. ज्याच्याकडे गुन्हेगारी ओळखी नाहीत, जो काळ्या बाजारात जात नाही आणि कायद्याने मिळेल त्या दिवसाची वाट बघतो, अशा मुलाला वयाची अट खरोखर अडवते.

आता दुसरी बाजू. सँडी हुक, कनेक्टिकट, १४ डिसेंबर २०१२. शाळेत २० लहान मुलं आणि ६ मोठी माणसं मारणारा २० वर्षांचा होता, पण रायफल त्याने घेतलीच नव्हती. ती आईची होती, आणि पहिला बळीही आईच. ऑक्सफर्ड, मिशिगन, २०२१: हल्लेखोर १५ वर्षांचा, पिस्तूल वडिलांनी चारच दिवसांपूर्वी घेतलेलं. त्या आईवडिलांना २०२४मध्ये सदोष मनुष्यवधाबद्दल प्रत्येकी १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली. अमेरिकेत तोवर असं झालं नव्हतं. लास व्हेगासमध्ये २०१७ साली हॉटेलच्या खिडकीतून गोळ्या झाडणारा ६४ वर्षांचा होता. व्हर्जिनिया टेकमध्ये २००७ साली ३२ जणांना मारणारा २३ वर्षांचा, आणि तेही दोन पिस्तुलांनी. मुंबईहून वास्तुकला शिकायला गेलेली एक विद्यार्थिनी त्या दिवशी मारली गेली. न्यायालयाने त्या मुलाला मानसोपचार घेण्याचा आदेश दिला होता, पण तो आदेश तपासणी यंत्रणेपर्यंत पोहोचलाच नाही.

कोलंबाइनची १९९९ची घटना या सगळ्यांहून वेगळी शिकवण देते. दोघे हल्लेखोर बारावीतले. चारपैकी तीन बंदुका त्यांच्या अठरा वर्षांच्या मैत्रिणीने बंदुकांच्या जत्रेत खासगी विक्रेत्यांकडून घेऊन दिल्या. खासगी माणसाला ना फॉर्म, ना तपासणी. फॉर्म भरावा लागला असता तर मी घेतल्याच नसत्या, असं तिने पुढे लोकप्रतिनिधींसमोर सांगितलं. केंद्रीय कायद्यात ही फट अजून उघडी आहे. विक्रेता परवानाधारक नसेल तर रायफलीला अठराची अटसुद्धा केंद्र लावत नाही. साधारण वीस राज्यांनी आपापल्या कायद्याने तपासणीची फट बुजवली आहे.

आकडेही हीच दुहेरी गोष्ट सांगतात. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या निधीतून दोन अभ्यासकांनी १९६६ ते २०१९ या काळातल्या १७२ हल्लेखोरांची माहिती गोळा केली. त्यांची व्याख्या कडक होती: सार्वजनिक जागी चार किंवा अधिक मृत. ७७ टक्के हल्लेखोरांनी निदान काही बंदुका कायदेशीर विकत घेतलेल्या होत्या, म्हणजे काउंटरवरची कडी महत्त्वाची. पण शाळांमधल्या हल्लेखोरांपैकी ८० टक्क्यांहून अधिकांनी बंदूक घरच्यांची उचललेली होती. त्यांच्यापुढे काउंटर आलाच नाही. सगळ्यांचं सरासरी वय ३४, आणि ७७ टक्क्यांनी पिस्तूल वापरलं, असॉल्ट प्रकारचं, म्हणजे लष्करी धाटणीचं, हत्यार २५ टक्क्यांनी. (एकाकडे दोन्ही असू शकतात, म्हणून बेरीज शंभरच्या वर जाते.)

'मास शूटिंग'चे, म्हणजे सामूहिक गोळीबारांचे, आकडे वाचताना व्याख्या आधी पाहावी. 'चार किंवा अधिक जणांना गोळी लागली' असं मोजणारे वर्षाला शेकडो घटना सांगतात, 'चार किंवा अधिक मृत, सार्वजनिक जागी' असं मोजणारे दोन हातांच्या बोटांवर मावतील इतक्या. दोघेही खोटं बोलत नसतात. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात, २०२१मध्ये ४८,८३० पैकी २६,३२८. सामूहिक गोळीबार दुर्मीळ असल्याने वयाच्या अटीचा त्यावर झालेला परिणाम संख्याशास्त्राने सिद्ध करणं फार अवघड जातं. तरुणांच्या आत्महत्यांवर तो मोजता येतो. एरवी वाद गोळीबारांवर रंगतो आणि फायदा, झालाच तर, भलत्याच ठिकाणी दिसतो.

केंद्राने पाऊल उचललं नाही तेव्हा राज्यांनी उचललं, प्रत्येकाने आपल्या तऱ्हेने. पार्कलंडनंतर साधारण तीन आठवड्यांत रिपब्लिकन राज्यपाल असलेल्या फ्लोरिडाने सगळ्या बंदुकांच्या खरेदीला एकवीसची अट लावली, ९ मार्च २०१८. वॉशिंग्टन राज्यात त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मतदारांनी थेट कौल देऊन अर्ध-स्वयंचलित रायफलींपुरती ती आणली. कॅलिफोर्नियाने आधी शिकारीचा परवाना असलेल्या तरुणांना सूट ठेवली आणि नंतर अर्ध-स्वयंचलित रायफलींपुरती ती काढून घेतली. न्यूयॉर्कने बफलोनंतर एकवीस वर्षांबरोबर परवानाही सक्तीचा केला. शेजारच्या राज्यात जाऊन घेतली तर? परवानाधारक विक्रेत्याने रायफल विकताना दोन्ही राज्यांचे कायदे पाळायचे असतात, त्यामुळे फ्लोरिडाच्या १९ वर्षांच्या मुलाला जॉर्जियातल्या दुकानदाराने ती देता कामा नये.

सवलती कशा फसतात, याचं उदाहरण इलिनॉयमध्ये आहे. तिथे बंदूक बाळगायला राज्याचं ओळखपत्र लागतं, आणि एकवीसखालच्याच्या अर्जावर पालकाची सही. हायलंड पार्कमध्ये ४ जुलै २०२२ रोजी मिरवणुकीवर गोळ्या झाडून सात जणांना मारणाऱ्याला ते कार्ड १९व्या वर्षी वडिलांच्या सहीने मिळालं होतं. त्याच्या काही महिने आधीच पोलिसांनी घरी येऊन त्याचे १६ चाकू-सुरे नेले होते. वडिलांना पुढे ६० दिवसांची कैद झाली. पालकाला पोराचं सगळं ठाऊक असतं आणि ठाऊक असलं की तो नाही म्हणतो, या गृहीतकावर ती सवलत उभी होती.

विरोधकांचा सगळ्यात जोरकस सवाल सैन्याचा असतो: अठराव्या वर्षी देशासाठी रायफल चालते, घरासाठी का नाही? त्याला सरळ उत्तर आहे. छावणीत सैनिकाची रायफल शस्त्रागारात कुलपात असते, काडतुसं मोजून दिली जातात आणि मोजून परत घेतली जातात. पण त्यांचा दुसरा सवाल इतका सहज झटकता येत नाही. अठराव्या वर्षी मतदान, लग्न, तुरुंग सगळं प्रौढ म्हणून, आणि एकटी राहणारी वीस वर्षांची बाई मात्र संरक्षणासाठी बंदूक घेऊ शकत नाही, कारण तिच्या वयाच्या काही मुलांनी गुन्हे केले.

न्यायालयांत हीच रस्सीखेच चालू आहे. जून २०२२च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बंदुकीवरच्या निर्बंधाला देशाच्या इतिहासात परंपरा दाखवता आली पाहिजे. मग वकील अठराव्या शतकातल्या नोंदी उकरू लागले. तेव्हा सज्ञान होण्याचं वय एकवीस होतं, असं एक बाजू म्हणते. तेव्हा अठरा वर्षांच्या मुलांना नागरी फौजेत स्वतःची बंदूक घेऊन हजर राहावं लागे, असं दुसरी म्हणते. दोन्ही खरं आहे. फ्लोरिडाचा कायदा मार्च २०२५मध्ये अपील न्यायालयाने उचलून धरला. त्याच वर्षी जानेवारीत दुसऱ्या एका अपील न्यायालयाने १९६८ची पिस्तुलांवरची एकवीसची अट घटनाबाह्य ठरवली होती. आपल्याकडे शस्त्र परवान्याला किमान वय एकवीस आहे, आणि परवाना का हवा ते अर्जदाराने पटवून द्यायचं असतं. अमेरिकेत का द्यायचा नाही, ते सरकारने पटवून द्यायचं. मराठी वाचकाला तिथला वाद चक्रम वाटतो तो बहुधा हा उलटा क्रम लक्षात न घेतल्याने.

वयाच्या अटीतून निसटणाऱ्यांसाठी दोन उपाय कामाचे ठरतात. पहिला 'रेड फ्लॅग' आदेश. माणूस स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठलाय असं दिसलं, तर दिवाणी न्यायालयाकडून त्याच्या बंदुका तात्पुरत्या काढून घ्यायच्या आणि नवी खरेदी थांबवायची. आधी काही दिवसांचा तातडीचा आदेश, मग दोन्ही बाजू ऐकून बहुधा वर्षापर्यंतचा. फ्लोरिडात अर्ज फक्त पोलीसच करू शकतात. न्यूयॉर्कमध्ये कुटुंबीय आणि शाळेचे अधिकारीही. कॅलिफोर्नियात शिक्षक, मालक आणि सहकारीसुद्धा. पण कायदा असणं आणि वापरणं यात अंतर असतं. बफलोच्या हल्लेखोराने शाळेत हत्या-आत्महत्येची भाषा केल्यावर २०२१मध्ये त्याची मानसिक तपासणी झाली होती. न्यूयॉर्कमध्ये हा कायदा तेव्हा होता, कोणी अर्ज केला नाही.

दुसरा उपाय घरातलं कुलूप. अमेरिकी सीक्रेट सर्व्हिसने २००८ ते २०१७ मधले शाळांवरचे ४१ हल्ले तपासले. बंदूक वापरलेल्यांपैकी तीन-चतुर्थांश हल्ल्यांत ती हल्लेखोराच्या स्वतःच्या किंवा नातेवाइकाच्या घरची होती. दुकानदाराने पिस्तुलाबरोबर कुलूप द्यायलाच हवं असा केंद्रीय कायदा २००५ सालचा आहे. रायफलीला तो लागू नाही, पुन्हा तीच जुनी नळीची लांबी. काचेचं शोभेचं कपाट म्हणजे कुलूप नव्हे. केबल लॉक, म्हणजे तारेचं कुलूप, बंदुकीच्या आतून ओवायचं असतं, म्हणजे बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा भाग) बंदच होत नाही. नुसतं चापाभोवती अडकवलं तर काही उपयोग नाही. काडतुसं वेगळ्या कुलपात. तिजोरीचा आकडा कोणाच्या वाढदिवसाचा नसावा, आणि किल्लीची जागा पोरांना माहीत नाही असं समजणारे पालक बहुतेक वेळा चुकलेले असतात.

तिकडे राहणाऱ्या मराठी घरांत बंदूक नसेलही, पण मुलं खेळायला दुसऱ्याच्या घरी जातातच. शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, पोहण्याचा तलाव आहे का, घरात कुत्रा आहे का हे आपण फोनवर विचारतो. त्याच ओघात 'घरात बंदूक आहे का, आणि असेल तर कुलपात आहे का' हेही विचारायचं. बंदूक बाळगणाऱ्या जबाबदार घरांना त्याचं वाईट वाटत नाही. कुठे ठेवली आहे आणि किल्ली कोणाकडे असते, हे ते आपणहून सांगतात.